आधी बंदूक खाली, मग ओ

प्रणिता रामटेके उंचीनं जेमतेम पाच फूट. टेक्सासमध्ये माणसं आणि गाड्या दोन्ही आडमाप, त्यात ही बाई एखाद्या पिकअप ट्रकच्या मागे उभी राहिली की दिसायचीच नाही. पण प्लेनोच्या उत्तरेला, हायवे सोडून आत वळलं की जी शूटिंग रेंज लागायची, तिथं शनिवारी सकाळी गेलात तर तिचा आवाज आधी ऐकू यायचा आणि बाई नंतर दिसायची. "सीज फायर" असं ती ओरडली की सहा-सहा फुटी गडी मुकाट्यानं बंदुका टेबलावर ठेवून मागे सरायचे. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ना, तसं. कीर्ती नसेल म्हणायची तर धाक म्हणा.

नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेली, रोज त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या घरातली ही बाई बंदुकांच्या कारभारात पडली कशी, तेच सांगायचंय.

कॉलेजात असताना प्रणिता एनसीसीत होती. कामठीच्या रेंजवर गोणपाटावर पालथं पडून पॉइंट टू टूची रायफल चालवायची, कोपरं सोलवटून घ्यायची आणि परत येताना सगळ्या पोरींनी मिळून रस्त्यावर समोसे खायचे, असा तो थाट. शिकवायला एक म्हातारा हवालदार होता. त्याचं एकच पालुपद. बंदूक कधी रिकामी नसते. रिकामी असली तरी नसते. पोरी फिदीफिदी हसायच्या. एकदा एकीनं गंमत म्हणून रिकामी रायफल मैत्रिणीकडे रोखली. हवालदारानं तिला त्या वर्षी पुन्हा रेंजवर पाय ठेवू दिला नाही, आणि तिचे वडील रदबदली करायला आले तर त्यांनाही चहा पाजून परत पाठवलं. प्रणिताच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच.

पुढे राकेशशी लग्न झालं. तो टेलिकॉम कंपनीत इंजिनियर, म्हणून एक्याण्णव साली दोघं प्लेनोला आली. पहिली काही वर्षं व्हिसामुळे तिला काम करायची परवानगीच नव्हती. मोठ्या कंपन्या, मोठी घरं, मोठे रस्ते, आणि दिवसभर घरात एकटी बाई. खिडकीतून बघावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, नुसत्या गाड्या. वैताग यायचा. ग्रीन कार्ड आलं आणि त्याच सुमारास राकेशच्या ऑफिसची मंडळी मजा म्हणून त्या रेंजवर गेली. जोडपी बोलावली होती, म्हणून हीसुद्धा गेली. बाकीचे हसत-खिदळत गोळ्या उडवत होते. हिनं रायफल उचलली, आधी उघडून आत पाहिलं, नळी समोर धरली आणि बोट चापाच्या बाहेर, रायफलच्या अंगाला सरळ टेकवून ठेवलं. नेम धरेपर्यंत ते बोट तिथून हललं नाही.

रेंजचा मालक हॅरल्सन नावाचा म्हातारा मागे उभा होता. त्यानं तिचा नेम पाहिला नाही, बोट पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं तिला काउंटरवर कामाला घेतलं. वर्षभरात तिनं सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा दिली, डोक्यावर लाल टोपी आणि गळ्यात शिट्टी आली, आणि प्रणिताची 'मिस प्रनी' झाली. पूर्ण नाव घेताना तिथल्या लोकांच्या नाकी नऊ यायचे.

सासूबाई रत्नाबाई तेव्हा नुकत्याच नागपूरहून कायमच्या राहायला आल्या होत्या. सून कुठं कामाला जाते हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी वंदना झाली, मेणबत्ती शांत केली आणि त्या म्हणाल्या, "आपण आता काय म्हटलं वं? पाणातिपाता वेरमणी. जीव घेणार नाही. अन् तू निघाली बंदुकीच्या दुकानात."

प्रणितानं बुटाची नाडी बांधता बांधता उत्तर दिलं. "आई, तिथं रोज कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. जाऊ नये म्हणूनच मला ठेवलंय. मी तिथं दुसरं कामच करत नाही."

रत्नाबाई उठून आत गेल्या. पण पुढच्या शनिवारी स्वयंपाकघरात भाकरी आणि वांग्याच्या भाजीचा डबा भरून ठेवलेला होता. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. तोंडानं मान्य करणार नाहीत, डब्यानं करतील.

शनिवारी सकाळी प्रणिता मुलांचा वर्ग घ्यायची. पॉइंट टू टूची रायफल, एका वेळी एकच गोळी, आणि पहिला संपूर्ण तास तर बंदुकीला हातच नाही. आधी नियम. नळी समोर. बोट बाहेर. "थांबा" कुणीही म्हणू शकतो, आणि म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. पोरं कंटाळायची, आईबाप घड्याळ बघायचे, पण तिच्याकडे शिकलेलं पोर कधी बंदूक घेऊन भलतीकडे वळलं नाही.

मालकाशी तिचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. हॅरल्सनकडे ऑटोमॅटिक बंदुका भाड्यानं मिळायच्या. त्यातली एक आखूड मशीनगन फार लोकप्रिय होती. आणि या भल्या गृहस्थानं मुलांच्या वाढदिवसाची टूम काढलेली. केक, टोप्या, फुगे, आणि वाढदिवसाच्या बाळाला आईबापाच्या देखत मशीनगन. काय म्हणावं या हौसेला. आपल्याकडे पोराच्या हातात विळी दिसली तर चार बाया धावतात.

प्रणितानं त्याला दोनदा समजावलं होतं. साध्या रायफलीत एकदा चाप दाबला की एक गोळी सुटते आणि मग शांतता. ऑटोमॅटिकमध्ये चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, आणि प्रत्येक गोळीगणिक नळी वर उचलली जाते. मोठा माणूस अंगाचं वजन टाकून ती खाली ठेवतो. पोराच्या मनगटात कुठून येणार तेवढं बळ? ते घाबरतं, आणि घाबरलेलं पोर हातातली वस्तू सोडत नाही, आणखी आवळून धरतं. म्हणजे चापही आवळतं. हॅरल्सन म्हणायचा, "मिस प्रनी, आईबाप शेजारी उभे असतात की." मग तिनं आपल्यापुरता तोडगा काढला. मूल असेल तर मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीला लावायच्या गोळ्यांच्या डबीत, एकच गोळी भरायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं. ही लक्ष द्यायची नाही.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात तिचे भासरे आले. भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. राजाराम रामटेके, वीज मंडळात लाइन इन्स्पेक्टर. सोबत त्यांची दहा वर्षांची मुलगी उपासना. थोरल्या जाऊबाई शिक्षिका, त्यांना शाळेतून रजा मिळाली नव्हती, त्या नागपूरलाच राहिल्या.

राजारामभाऊ म्हणजे भरदार गडी आणि त्याहून भरदार आवाज. दरवर्षी दीक्षाभूमीवर गर्दी आवरायला स्वयंसेवक म्हणून उभे राहायचे, तेव्हा त्यांना भोंगा लागायचा नाही. राकेश शाळेत असताना वडील गेले. तेव्हापासून याच भावानं त्याला वाढवलं, शिकवलं, विमानात बसवलं. घरात त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता. पडेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पोरगी मात्र गोड आणि इतकी वळणदार की बघत राहावं. कुणी हाक मारली की हातातलं काम तसंच, मान वळवून, पूर्ण अंग वळवून "ओ" म्हणायची. राजारामभाऊंची ती शिस्त होती. हाक मारल्यावर पोर वळलं नाही तर त्यांचा पारा चढायचा. प्रणिताही तशाच घरात वाढलेली. तिलाही ते वळण म्हणजे चांगल्या घरची खूण वाटायची.

भाऊंनी येतानाच ठरवलं होतं. नवा व्हिडिओ कॅमेरा राकेशनं घेऊन ठेवला होता, तो हातात घेऊन ते जेवताना म्हणाले, "प्रणिता, आपल्या उपासनाची मशीनगन चालवतानाची फिल्म काढू. नागपूरला सगळ्यांना दाखवतो. पोरीच्या जातीनं घाबरून राहायचे दिवस गेले."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. बापाला पोरगी धीट व्हायला हवी होती. एवढंच.

प्रणिता म्हणाली, "भाऊजी, मी तिला साधी रायफल शिकवते. नीट, पहिल्यापासून."

"ती तर जत्रेत फुगे फोडायची बंदूक. त्यात काय कौतुक? अमेरिकेत येऊन तेच करायचं का?"

भांडी घासताना राकेश हळूच तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. "यार प्रणिता, एकदाच. दादाला मी आजवर कधी नो म्हटलेलं नाही. आणि तू असशील ना तिथं."

"तूच म्हण ना नो."

"मी कसं म्हणू?"

भीड भिकेची बहीण, ती अशी. नवऱ्याला भावाची भीड, बायकोला भासऱ्यांची भीड, आणि सगळ्यांच्या भिडेची किंमत कुणी मोजायची, तर दहा वर्षांच्या पोरीनं. प्रणिताला सगळं दिसत होतं. आपण नाही म्हटलं तर भाऊ रविवारी राकेशला घेऊन जातील, तेव्हा आपली सुट्टी असते, आणि दुसरा कुणीतरी पोरीच्या हातात भरलेलं मॅगझिन देईल. त्यापेक्षा आपण समोर असलेलं बरं. असं तिनं मनाला समजावलं. पण मन काही समजलं नाही. विषाची परीक्षा कशाला बघायची, हे ते सारखं म्हणत राहिलं.

"चालेल भाऊजी," ती म्हणाली. "पण गोळी मी भरणार, आणि मी सांगेन तसं."

शनिवारी मुलांचा वर्ग संपल्यावर सगळे आले. रत्नाबाईसुद्धा आल्या, नातीचं कौतुक बघायला. त्यांना मागच्या बाकावर सावलीत बसवलं, कानांवर आवाज अडवणारे मोठाले मफ चढवले. ऊन असं की टेबलाचा पत्रा हाताला चटका देत होता. राकेश आईजवळ उभा. राजारामभाऊ बघ्यांसाठी आखलेल्या लाल रेघेच्या मागे कॅमेरा डोळ्याला लावून तयार. हॅरल्सनही दारात येऊन उभा राहिला, मिस प्रनीच्या घरची मंडळी म्हणून.

प्रणितानं मॅगझिनमध्ये एक गोळी सरकवली. भाऊंनी ते पाहिलं.

"एकच?"

"एकच."

"अगं, इतक्या लांबून आलो आम्ही. पंगतीत एकच जिलबी वाढतात का? भर पूर्ण."

राकेशनं जमिनीकडे पाहिलं. प्रणिताचे कान तापले. सासरच्या थोरल्या माणसाला, सासूच्या देखत, मालकाच्या देखत उलट बोलायचं म्हणजे काय असतं, ते ज्या बाईनं केलंय तिलाच ठाऊक. तिचा हात गोळ्यांच्या खोक्यापर्यंत गेलाही. दोनच आणखी घालाव्यात का? तीन गोळ्यांनी काय होणार आहे? मग तिला तो चहा पाजून परत पाठवणारा हवालदार आठवला.

"भाऊजी, एकच," ती म्हणाली. "नाहीतर घरी जाऊ."

भाऊंचा चेहरा उतरला. ते रागानं काही बोलणार होते, पण कॅमेरा चालू होता आणि फिल्ममध्ये स्वतःचा राग नको म्हणून गप्प राहिले. बघा, हौसेचा असाही कधी उपयोग होतो.

प्रणितानं उपासनाला उभं केलं. पाय असे, खांदा असा. आपला डावा हात पोरीच्या पाठीवर ठेवला, उजवा नळीच्या जरा वर धरला. "समोर बघ. मी सांगितलं की दाब."

उपासनानं दाबलं. ठाप्‌ असा आवाज झाला आणि नळी टुणकन वर उडाली. प्रणिताच्या तळव्यावर ती आदळली. त्याच क्षणी मागून, गर्दी आवरणारा तो आवाज कानावरच्या मफमधून आरपार आला. "शाब्बास! उपासना, इकडे बघ!"

आणि उपासना वळली. बापानं हाक मारली होती. ती कशी नाही वळणार? दहा वर्षांचं वळण होतं ते. मान वळली, अंग वळलं, आणि अंगासोबत हातातली बंदूकही वळली. नळी राकेशवरून गेली, बाकावर बसलेल्या आजीवरून गेली, आणि कॅमेऱ्यासमोर येऊन थांबली. पोरीच्या तोंडावर हसू होतं. फोटोसाठी हसतात तसं.

प्रणितानं बंदूक हातानं दाबून समोर वळवली आणि काढून घेतली. पुढे ती राकेशला अनेकदा म्हणाली की इतक्या झटक्यानं तिनं आयुष्यात काही केलं नसेल. पण नळी फिरून गेली होती ती गेलीच होती. आणि बंदूक हातातून काढताना तिच्या लक्षात आलं की पोरीचं बोट अजून चापावर होतं. नुसतं टेकलेलं नाही, घट्ट दाबलेलं.

मॅगझिन भरलेलं असतं तर त्या वळण्याच्या वाटेवर कोण कोण होतं, हे वेगळं सांगायला नको.

प्रणितानं बंदूक उघडून पाहिली, रिकामी. पुन्हा पाहिली. मग टेबलावर ठेवली. उपासनाला काही कळलंच नव्हतं. सगळ्यांचे चेहरे बघून तिचं हसू मावळलं. "मी काही चुकले का काकू?"

"नाही गं बाळा," प्रणिता म्हणाली, आणि तिला पोटाशी धरून तिथंच रडली. लाल टोपीवाली, सहा फुटी गड्यांना गप्प करणारी मिस प्रनी सगळ्यांसमोर रडली. "तू नाही चुकलीस. चुकलं असेल तर आमचं चुकलं."

राजारामभाऊंनी कॅमेरा खाली केला. त्यांनी त्या छोट्या चौकटीत नळीचं भोक समोरासमोर पाहिलं होतं. ते लाल रेघेपाशी आले आणि तिथंच थांबले, ओलांडून आत आले नाहीत.

"आमच्या खात्यात लाइनमनला मी काय सांगतो माहीत आहे? दहा जणांना सांगू दे लाइन बंद आहे, तू स्वतः तपासल्याशिवाय हात लावू नको. प्रत्येक तार जिवंत समज. आणि खाली उभ्या असलेल्यानं वर चढलेल्याला हाक मारायची नाही. खांबावरच्या माणसाला हाक मारली म्हणून मी माणसं घरी बसवलीत, प्रणिता. आणि मीच..."

"मला माहीत होतं भाऊजी, तरी मी हो म्हटलं," प्रणिता म्हणाली. "ते परत होणार नाही."

मग ती डोळे पुसून हॅरल्सनकडे गेली. तो दारात तसाच उभा होता, पांढरा फटक. तिनं गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, की यापुढे कुठल्याही मुलाच्या हातात ऑटोमॅटिक द्यायची असेल तर ही दुसऱ्या कुणाला तरी द्या. हॅरल्सननं शिट्टीकडे पाहिलं. त्याचीही नातवंडं होती. त्याच महिन्यात त्यातल्या एकाचा वाढदिवस या रेंजवर व्हायचा होता. त्यानं शिट्टी परत तिच्या गळ्यात घातली, आत गेला, आणि वाढदिवसाची रंगीत पाटी भिंतीवरून उतरवून घेऊन आला. फुगे रंगवलेली ती पाटी त्यानं स्वतःच्या ट्रकमध्ये टाकली.

घरी येताना गाडीत उपासना म्हणाली, "काकू, मला ती साधी रायफल शिकवशील?"

प्रणितानं मागे वळून राजारामभाऊंकडे पाहिलं. आता ते नाही म्हणतील असं तिला वाटलं, आणि म्हटलं असतं तरी कुणी त्यांना दोष दिला नसता. पण भाऊ म्हणाले, "शिकव. पहिल्यापासून शिकव. आणि मलाही शिकव, मागे कसं उभं राहायचं ते."

त्या आठवड्यात घरात जे नाटक चाललं ते काय वर्णावं. रायफल घरात आणायचा प्रश्नच नव्हता. उपासनाच्या हातात झाडू. दिवाणखान्यात टीव्हीकडे तोंड करून उभी राहायची, झाडूची नळी समोर, बोट बाहेर. आणि घरातल्या कुणीही, कधीही मागून हाक मारायची. नियम एकच. वळायचं नाही. आधी झाडू खाली ठेवायचा, हात मोकळे करायचे, मागे सरायचं, मग वळून ओ म्हणायचं.

ऐकायला सोपं. पण दहा वर्षांचं वळण ते. रत्नाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "उपासना, कोथिंबीर दे वं," की पोरगी झाडूसकट गर्रकन वळायची.

"मेलो वं बाई," रत्नाबाई छातीवर हात ठेवून खाली बसायच्या.

राकेश ऑफिसातून आला, दार उघडून हाक मारली, तो मेला. पोस्टमननं घंटा वाजवली, तोही बिचारा मेला, त्याला पत्ता नाही. गुरुवारपर्यंत उपासनानं सगळ्या कुटुंबाला कितीदा तरी मारलं आणि शेवटी स्वतःच रडकुंडीला आली. "मला नाही जमत. बाबांनी हाक मारली की माझी मान आपोआप वळते. नाही वळले तर बाबा रागावतात."

राजारामभाऊ सोफ्यावर बसून हे ऐकत होते. त्यांनी पोरीला जवळ बोलावलं, आणि या खेपेला ती झाडू ठेवूनच आली.

"माझा आजा गावात राहायचा," ते म्हणाले. "आजीला विचार. गावातून कुणीही हाक मारायचं, रात्री-अपरात्री, जेवताना, तापानं फणफणलेला असताना. जोहार म्हणत धावत जावं लागायचं. थांबा, हातातलं काम संपवून येतो, असं म्हणायची सोय नव्हती त्याला. ते धावणं आमच्या अंगात असं मुरलं की मी तुलाही तेच शिकवलं. आता नको. मी हाक मारली तरी आधी तुझ्या हातातलं काम. माझ्या हाकेला शंभरदा वळली नाहीस तरी मी रागावणार नाही. शब्द देतो."

रत्नाबाईंनी पदर तोंडाला लावला. लसूण सोलत होत्या, तो तसाच राहिला.

पुढच्या शनिवारी रेंजवर मुलांचा वर्ग होता. उपासना रांगेत शेवटची, तिच्याहून लहान लहान अमेरिकन पोरांच्या शेजारी. राजारामभाऊंनी आदल्या दिवशीच प्रणिताला विचारून ठेवलं होतं. "हाक मीच मारतो. मीच बिघडवलंय, मीच बघतो दुरुस्त झालंय का." प्रणितानं होकार दिला, पण उपासनाच्या हातात जी गोळी ठेवली ती बिनदारूची होती, सरावाची. हे पोरीला ठाऊक नव्हतं आणि बापालाही नव्हतं. एकदा तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिते.

उपासनानं रायफल उचलली. उघडून पाहिली. गोळी घातली, बंद केली. नळी समोर. गाल रायफलीला टेकला. बोट चापाकडे निघालं.

"उपासना!"

दीक्षाभूमीवरचा आवाज होता तो. रांगेतली दोन पोरं दचकली. दारातला हॅरल्सन दचकला. बाकावर रत्नाबाईंनी डोळे मिटून घेतले. प्रणितानं हात पुढे करून ठेवला.

उपासनाचा खांदा किंचित हलला. मान वळायला निघाली, प्रणिताला ते स्पष्ट दिसलं, आणि मध्येच थांबली. चापाकडे निघालेलं बोट परत बाहेर आलं. तिनं रायफल उघडली. गोळी काढून टेबलावर ठेवली. रायफल ठेवली, नळी समोर. दोन्ही हात मोकळे केले. लाल रेघेच्या मागे आली. हे सगळं तिनं सावकाश केलं, जराही घाई न करता, आणि तेवढा वेळ तिचा बाप मागे वाट बघत उभा राहिला.

मग ती वळली.

"ओ बाबा. काय म्हणत होता?"

राजारामभाऊंच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते हसत होते. कॅमेरा त्यांनी त्या दिवशी घरीच ठेवला होता.

"काही नाही," ते म्हणाले. "तुझं काम होऊ दे आधी. मी थांबतो."